हिरवा डबा, एक घर पुढं

दुपारी बारा वाजून अठ्ठावन्न मिनिटं. कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीत, एका लेथ वर्कशॉपच्या माडीवर लालासाहेब गिटारच्या स्पीकरसमोर उकिडवे बसून माइकचा स्टँड आवळत होते. खाली सहा लेथ करकरत होते. एकला भोंगा झाला की ते थांबतात, दीडला पुन्हा सुरू होतात. लालासाहेबांच्या स्टुडिओत भजन असो की प्रचाराचं गाणं, सगळ्यांना याच अर्ध्या तासात सूर लागावा लागतो.

भोंगा वाजला आणि दोन मिनिटांत राणी जिना चढून आली. शेजारच्या गल्लीतल्या फाउंड्रीत ती तपासणी खात्यात आहे. अंगावर निळा गणवेश, पाठीला गिटार. मूळची आटपाडीकडची. आजोबांनी जन्मभर मेंढरं राखली. नातीची गिटार ऐकून ते एकदाच बोलले होते, "लांडगा आला की ह्ये लावा."

तिला एका गाण्याची गिटार भरायची, म्हणजे रेकॉर्ड करायची होती आणि हातात आजचा एकच दिवस होता. उद्यापासून कंपनीने तिला शिरवळच्या कारखान्यात पाठवलं होतं. आधीच्या चार दिवसांच्या जेवणाच्या सुट्ट्या प्रीअँप निवडण्यात गेल्या होत्या. माइकमधून येणारा आवाज बारीक असतो, तो रेकॉर्ड होण्याइतका वाढवणारा डबा म्हणजे प्रीअँप. लालासाहेबांकडे तीन होते. एक लाल, परदेशी. एक संगणकाला जोडायच्या छोट्या यंत्रातलाच. त्यावर ते फक्त घोषणा भरत. आणि तिसरा हिरवा, घरी बनवलेला. वडिलांचं उंब्रजला मंडप आणि कर्ण्यांचं दुकान होतं, तिथल्या जुन्या अँप्लिफायरचं काळीज काढून यात बसवलेलं.

चारही दिवस निकाल एकच लागला. हिरवा.

"आवं काका, ह्यात जाड तार भिजल्या पोत्यागत वाजतीया."

"पोतं न्हाई, दम हाय त्यो. फौजेत सोळा वर्सं वायरलेस ऐकलाय ह्या कानांनी."

"वायरलेसवर गिटार कोण वाजवत हुतं?"

आज राणीने त्यांची खुर्ची भिंतीकडे फिरवली. "तोंड तिकडं करून बसा. आमच्यात लोखंड वतणाऱ्याला त्याचाच माल तपासू देत न्हाईत."

मग ती तार छेडत डब्यांचे आवाज मोजणारे काटे बघू लागली आणि थांबली. "हिरवा एक घर पुढं का?"

"तेवढा लागतोच त्यो."

"कुणाला लागतो?"

जत्रेत दोन कर्णेवाले शेजारी आले की ज्याचा आवाज मोठा, त्याची पुढच्या सालची सुपारी पक्की, हे लालासाहेबांना दहाव्या वर्षापासून पाठ होतं. मोठा आवाज चांगलाच वाटतो. चार दिवस हात आपोआप हिरव्याचं बटण पुढे सारत होता.

राणीने तिन्ही काटे एका रेघेवर आणले, एकच आठ सेकंदांचा तुकडा तीनदा वाजवून भरला आणि ऐकवला. एक वाजून तेरा मिनिटं.

"पयला बरा हाय," लालासाहेब म्हणाले. "दुसरा नाकात बोलतोय." तिसऱ्याला त्यांनी मांडीवर थाप मारली. "ह्यो! ह्यो माझा. म्हशीवानी बसलाय बघ."

"नाकातला तुमचा. म्हैस घोषणेच्या डब्याची."

"भिंतीकडनं नीट ऐकू येत न्हाई."

"मग भिंतीला नापास करू. पन मला बारा मिनिटं ऱ्हायलीत."

लालासाहेब उठले. हिरव्याची वायर त्यांनी स्वतःच्या हाताने काढली, छोट्या यंत्राला लावली. मग स्पीकरच्या मधोमध रोखलेला माइक दोन बोटं कडेला सरकवला. राणीने तार छेडली. कर्कशपणा गेला, आवाज जाडजूड झाला. तीन डब्यांत मिळून पडला नव्हता एवढा फरक त्या दोन बोटांनी पडला.

"हे सोमवारी का न्हाई केलं?"

"सोमवारी डबं बघत हुतो."

"आता बघू नगा. दाबा बटण."

गाणं साडेचार मिनिटांचं. राणीने ते दोनदा वाजवलं, एकदा डाव्या कानासाठी, एकदा उजव्या. दुसऱ्यांदा शेवटचा सूर विरला तेव्हा एक वाजून अठ्ठावीस मिनिटं झाली होती. तिचा जेवणाचा डबा उघडलाच नव्हता. दीडला खालचे लेथ सुरू झाले, तोवर ती फाउंड्रीच्या फाटकात होती.

उद्या सकाळी सहाच्या एसटीने ती शिरवळला जाणार आहे. स्टुडिओच्या फळ्यावर उद्यासाठी खडूने एवढंच लिहिलं आहे: एक ते दीड, घंटागाडीची घोषणा, ओला कचरा आणि सुका कचरा, छोटं यंत्र.