मॅडम असत्या तर

चैत्रातली टळटळीत दुपार आहे. पंखा फिरतोय म्हणून हवा हलतेय, एवढंच. रेवती येमूल टेबलावर हात ठेवते, हातांवर डोकं टेकते आणि स्वतःला बजावते की झोपायचं नाही, नुसते डोळे मिटायचे. बाहेर व्हरांड्यात कुणीतरी स्टीलचे पेले विसळतंय. तो आवाज जवळ येतो, लांब जातो, मग पाण्याखालून आल्यासारखा येतो.

ही खोली तिची नाही, बिराजदार मॅडमची आहे. मंदाकिनी बिराजदार माघात गेल्या. रात्री जेवून झोपल्या त्या उठल्याच नाहीत. सोलापुरातल्या या छोट्या संशोधन संस्थेत दोघींनी मिळून एका ॲपचा अभ्यास केला होता. मोबाइलसमोर खोकायचं, आणि क्षयाचा धोका आहे की नाही ते मोबाइल सांगतो. आरोग्य केंद्रांतून त्याचं मोठं कौतुक चाललं होतं. अहवालाच्या चौथ्या प्रकरणात मॅडमनी सरळ लिहिलं होतं की विडी वळणाऱ्या बायकांच्या बाबतीत हे यंत्र चुकतं. तंबाखूच्या धुळीत जन्म काढलेल्या छातीचा खोकला त्याला कुणी शिकवलेलाच नाही, म्हणून आजारी बाईलाही ते 'धोका नाही' सांगून घरी पाठवतं.

ॲप बनवणारी कंपनीच संस्थेला नवी प्रयोगशाळा बांधून देणार होती. म्हणून संचालक केळुसकर सरांनी आज सकाळी रेवतीला बोलावून घेतलं. चौथं प्रकरण तूर्त बाजूला ठेवू, म्हणाले. मॅडम असत्या तर त्यांनीही समजून घेतलं असतं, हेही म्हणाले. मग त्यांनी एक प्रस्तावना पुढे केली. मॅडमचं तीस वर्षांचं सगळं लिखाण मजकूर लिहून देणाऱ्या एका एआय यंत्राला वाचायला दिलं होतं आणि त्यानं अगदी मॅडमच्या धाटणीत ती लिहून दिली होती. छापायची ती मॅडमच्याच नावानं. सहलेखिका म्हणून रेवतीची सही तेवढी बाकी होती. चहाच्या वेळेला बैठक.

प्रस्तावना वाचताना रेवतीच्या डोळ्यांत पाणी आलं, हीच खरी पंचाईत होती. वाक्य तोडायची मॅडमची रीत, मधेच येणारा तो 'असो', सगळं जिथल्या तिथे होतं.

आता खिडकीपाशी कुणीतरी पदरानं चष्मा पुसतंय.

"लिफ्ट बंद आहे," मॅडम म्हणतात. "चढून आले. आता दम लागत नाही, ते एक बरं झालं."

मॅडम गेल्यात हे रेवतीला ठाऊक आहे, तरी ती खुर्चीवरून उठते आणि खुर्ची पुसून देते. मॅडम बसत नाहीत. काय ते वाच, असं हातानंच सांगतात. रेवती प्रस्तावना मोठ्यानं वाचते. मॅडम डोळे मिटून ऐकतात. लेक्चरला विद्यार्थ्यांचे निबंध ऐकायच्या तशाच.

"छान लिहिलंय. माझ्यापेक्षा बरं," त्या शेवटी म्हणतात. "पण यात मी कुणाशी भांडलेय?"

"कुणाशीच नाही."

"मग ती मी नाही."

त्या दार उघडतात. दाराबाहेर व्हरांडा नाही, विडी कामगारांच्या घरकुल वसाहतीतली गल्ली आहे. उंबऱ्याउंबऱ्यावर बायका मांडीवर सूप घेऊन बसल्यात, कात्रीनं पानं कापतायत. एक मोबाइल हातोहात फिरतोय. एकेक बाई त्याच्यासमोर खोकते आणि तो गोड आवाजात म्हणतो, धोका नाही. पुढची खोकते. धोका नाही. रेवती कान देऊन ऐकते तर तो आवाज मॅडमचाच आहे. ती दचकून मॅडमकडे बघते. मॅडमना मात्र काही वाटलेलं दिसत नाही.

गल्लीच्या टोकाला विडी वळणारी नरसव्वा बसलीय. खऱ्या जगात या नरसव्वालाही यंत्रानं निरोगी ठरवलं होतं. तेव्हा मॅडमनी मोबाइल पिशवीत टाकला, तिला रिक्षात घातलं आणि थुंकी तपासायला नेलं. म्हणून आज ती गोळ्या घेऊन धडधाकट आहे. स्वप्नातली नरसव्वा वर न बघता एवढंच विचारते, "बाई, माझ्या शेजारणीला कोण नेणार?"

रेवतीला उत्तर द्यायचंय, पण सुपातली पानं उडायला लागतात आणि ती पानं म्हणजे सभागृहातले टाळ्या वाजवणारे हात असतात. व्यासपीठावर केळुसकर सर माइकपुढे उभे आहेत. "मॅडम असत्या तर," ते म्हणतात आणि थांबतात, पुन्हा तेच म्हणतात. मॅडम पहिल्या रांगेत बसून हात वर करतात. सरांची नजर त्या हातातून आरपार मागच्या भिंतीवर जाते.

"मेलं की माणूस समंजस होतं, असं यांना कुणी सांगितलं कुणास ठाऊक," मॅडम हात खाली घेत म्हणतात. "माझा हात आता कुणाला दिसायचा नाही. तुझा दिसतो."

रेवती खाली मान घालून सांगते की तिची नेमणूक कंत्राटी आहे. ती वाढवायची की नाही हे सरांच्या हातात आहे. घरात कमावती ती एकटी.

"जाईल नोकरी," मॅडम म्हणतात. "जाऊ शकते. मी खोटं कशाला सांगू?"

"मग मी काय करू?"

"मला विचारू नकोस. मी आत्ता जे बोलतेय ते तुझ्याच डोक्यातलं असेल. मला आठवून, जुळवून तू बोलवून घेतेयस. ते प्रस्तावना लिहिणारं यंत्र तरी दुसरं काय करतं?"

रेवती मान वर करते. "मग तुम्ही तरी खऱ्या कशावरून?"

"कशावरूनच नाही."

व्यासपीठामागे चिंचेचं झाड आहे. ते तिथे कधीपासून आहे कुणी विचारत नाही. मॅडम टाचा उंचावून एक फांदी ओढतात आणि हिरवागार आकडा तोडतात. चैत्रात हिरवी चिंच कुठली, असं रेवती म्हणणार असते. मॅडम आकडा मोडून अर्धा तिच्या हातावर ठेवतात.

"माझ्या नावानं त्यांना बोलू देऊ नकोस," त्या म्हणतात. "आणि तूही बोलू नकोस. तुझं नाव काय वाईट आहे? खा."

रेवती चावते. आंबट अशी की डोळे घट्ट मिटतात, जबडा आखडतो, कानामागून कळ जाते. ती डोळे उघडते तेव्हा गालावर टेबलाच्या कडेची रेघ उठलीय आणि शिपाई दारातून सांगतोय की सगळे खाली थांबलेत.

बैठकीत केळुसकर सर आपुलकीनं बोलतात. पेन पुढे करतात. मॅडम असत्या तर, असं पुन्हा म्हणतात.

"मॅडम असत्या तर काय म्हणाल्या असत्या, मला माहीत नाही," रेवती म्हणते. ती पेन घेत नाही. "सर, तुम्हालाही माहीत नाही आणि यंत्रालाही नाही. त्यांनी स्वतः लिहिलेलं चौथं प्रकरण आहे, तेवढं आपल्याला माहीत आहे. ते राहील. प्रस्तावना मी लिहीन, माझ्या नावानं. ते प्रकरण नसेल तर माझी सही मिळणार नाही."

सहलेखिकेच्या सहीशिवाय अहवाल छापता येत नाही, हे सरांनीच कधीकाळी नियमात घातलेलं. ते पेन खिशात ठेवतात. तुझ्या नेमणुकीचं मग बघावं लागेल, असं शांतपणे म्हणतात. बघा, असं रेवतीही तितक्याच शांतपणे म्हणते.

शिपाई चहा आणि खारी आणून ठेवतो. ती खारीचा तुकडा उचलते आणि चावते. दातांतून अशी कळ जाते की तिचा श्वास अडकतो. ती जिभेनं चाचपून बघते. सगळे दात आंबलेत. बाजारात महिनाभर हिरवी चिंच नाही, आणि सकाळपासून तिनं चहाशिवाय काही तोंडात घातलेलं नाही.

सर तिच्याकडेच बघतायत. रेवती त्यांच्या नजरेला नजर देते आणि त्याच दातांनी खारीचा दुसरा घास तोडते.