खेळाच्या बाई आणि माळशेजचा घाट

आभाळ भरून आलं की माणसं वाळत घातलेले कपडे काढतात. आमच्या शाळेतल्या खेळाच्या बाई सायकलीत हवा भरायला घेत. सायकल पुरुषी, मधे दांडी असलेली. परभणीतल्या झाडून साऱ्या पानपट्ट्या माना वळवून बघत. बाईंना त्याचं काही नव्हतं. त्रास व्हायचा मला, कारण आम्ही दोघी एका खोलीत भाड्यानं राहायचो आणि लोक बाईंबद्दलचे सगळे प्रश्न मला विचारायचे.

बाई ताडकळसजवळच्या, मेंढरांमागे वाढलेल्या. पावसाबद्दल कुरकुर केली की म्हणत, "मेंढरू भिजलं की आंग झटकतंय आन् चालाय लागतंय. तुमी तर मानूस." रेडिओवर हवामानाचा अंदाज लागला की त्या रेडिओच बंद करत.

एका दिवाळीच्या सुटीआधी त्या म्हणाल्या, "भूगोलबाई, तुमी सह्याद्री शिकवता. कदी गेलात का तिकडं?"

गेले नव्हते.

"मंग चला. माळशेजचा घाट उतरून कोकनात जाऊ. सायकलवर."

मी स्वच्छ नाही म्हणाले. तरीही सुटी लागल्यावर मी पाथरीच्या रस्त्यावर त्यांच्या मागे पायडल मारत होते. हे कसं झालं ते मला आजही सांगता येत नाही. त्यांच्यापुढे नकार टिकत नसे.

'किती राहिलं?' विचारलं की बाईंचं एकच उत्तर, "आलंच." गाव दिसत असो वा नसो. नगरच्या पुढे पाऊस लागला, दिवाळीतला, कुणाच्याच कामाचा नसलेला. शेतात कापून ठेवलेलं पीक भिजत होतं, लोक हळहळत होते आणि आमच्या बाई गाणं म्हणत होत्या. एका नाक्यावर पोलिसानं अडवलं. "परभणीच्या? नामांतराच्या मोर्चातल्या का?"

"न्हाई ओ सायेब. सहलीला निघालोत."

त्यानं माझ्या तोंडाकडे पाहिलं. तिथे सहलीचं काही चिन्ह नसावं, कारण त्यानं मला चहा पाजला.

माळशेजला ढग रस्त्यावर उतरले होते. पुढचं चाक धड दिसेना. भिजलेले ब्रेक लागेनात, म्हणून मी चपला घासत उतरत होते. एक ट्रक थांबला. ड्रायव्हर म्हणाला, "ताई, टाका सायकली मागं. खाली सोडतो." मी सायकल उचललीसुद्धा.

"न्हाई दादा, तुमी व्हा पुडं," बाई म्हणाल्या आणि ट्रक गेला.

मग मात्र मी ओरडले. जन्मात कुणावर ओरडले नव्हते तशी. म्हटलं, मी इथून हलणार नाही, आणि कठड्यावर बसले. बाईंनी सायकल लावली आणि शेजारी येऊन बसल्या. वरून पाण्याची धार.

"घरी पाव्हणे येनार व्हते," त्या एकदम म्हणाल्या. "मला बघाया. बापानं ठरवलंय समदं."

"मग नाही म्हणायचं!"

"म्हनले. कोन ऐकायलाय?"

"पण मला कशाला ओढलंत यात?"

"एकटी गेले असते तर पळून गेली म्हनले असते. दोघी गेल्या म्हंजी सहल."

मला भयंकर संताप आला. गुडघे सुजले, चपला झिजल्या, आणि हे सगळं मी नुसती सोबत दिसावी म्हणून! पण बोलताना त्यांचे ओठ थरथरत होते. या बाईलाही थंडी वाजते, हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं. पिशवीत एकच कोरडा टॉवेल होता. तो काढून मी त्यांचं डोकं खसाखसा पुसलं, रागानंच.

"हळू की," त्या म्हणाल्या.

उरलेला घाट आम्ही सायकली हातात धरून उतरलो.

परतलो तेव्हा खोलीच्या दारात त्यांचे वडील बसलेले, खांद्यावर घोंगडी. लेकीकडे त्यांनी पाहिलंच नाही. मला विचारलं, "खरंच घाट उतरली का ही?"

"उतरली."

"पावसात?"

"पावसातच."

म्हाताऱ्यानं घोंगडी सावरली. "पाव्हणे वापस गेले. म्हनले, असली बाई घरात कशी टिकंल? मी म्हनलं, आदीच कळलं तुमाला, लय बरं झालं." एवढं बोलून तो ताडकळसची गाडी गाठायला निघाला. बाई हँडल धरून तशाच उभ्या. मी पाणी दिलं, तर ग्लास हातातच राहिला.

पुढच्या दिवाळीआधी मी कुणाला न सांगता रेनकोट घेतला, ब्रेक बदलून घेतले. बाईंनी विचारलं की दोनदा नाही म्हणायचं आणि मग जायचं, असं ठरवून ठेवलं होतं.

त्यांनी विचारलंच नाही. सुटीत एका सकाळी उठले तर बाई नाहीत, सायकलही नाही. घरमालकीण अंगण झाडता झाडता म्हणाली, "तुमच्या बाई गेल्या की घाटाकडं, एकट्याच. त्यांचं काय, असंच हाय." आणि पुन्हा झाडायला लागली.

स्टोव्हशेजारी माझ्यापुरता भात झाकून ठेवलेला होता. मी इतकी चिडले की दिवसभर त्याला हात लावला नाही.