बेतून काढलेला बाप

तो शिंपी होता, आणि हाताचा पक्का होता. कुणी नमुन्याचा सदरा आणून टाकला की तो आधी उलटा करायचा, शिवण उसवून तुकडे सुटे करायचा, नव्या कापडावर मांडून खडूने रेघ ओढायचा. लिहायचा नाद लागला तेव्हाही त्याला दुसरी रीत ठाऊक नव्हती. वाचनालयाच्या एका पुस्तकात कुणी आपल्या वडिलांवर लिहिलेला निबंध होता. तो त्याने असाच उसवला. सुरुवात कुठून धरलीय, दुःख कुठवर दडवलंय, कुठल्या वाक्याशी ते सांडू दिलंय, हे तो काजं करता करता घोळवत राही.

"गिऱ्हाईक दारात ताटकळलंय, आणि तुमची समाधी लागलीय!" बायको म्हणे.

"हा माणूस रडवतो कसा, ते बघतोय गं."

"कळलं की सांगा. माझं तर तुमच्या घरात फुकटच रडून होतं."

त्याला आपल्या वडिलांवर लिहायचं होतं, ते थोरल्या भावासाठी. वडिलांच्या शेवटच्या दुखण्यात धाकट्याने दुकान सोडलं नव्हतं. अंघोळीपासून औषधापर्यंत सगळं दादाने एकट्याने केलं. तेव्हापासून दादा कामापुरतं बोलत होता. तोंडाने चुकलो म्हणायला याची जीभ रेटेना. लिहून म्हणता येईल, असं त्याला वाटलं.

निबंध झाला. नमुन्यात जिथे वळण, तिथे यातही वळण. नमुन्यातला मुलगा आजारी बापाच्या उशाशी बसतो, बाप त्याचा हात धरून रडतो. यानेही तसंच बसवलं, तसंच रडवलं. ते इतकं चपखल बसलं की लिहिताना याचेच डोळे भरून आले. आपण तिथे नव्हतोच, हे त्या भरात त्याच्या ध्यानातही आलं नाही. एक प्रत त्याने साप्ताहिकाला धाडली, एक दादाच्या हातात दिली.

दादाने मशीनला टेकून उभ्याउभ्या वाचलं.

"छान लिहिलंयस."

याचा जीव भांड्यात पडला.

"पण हा बाप कुणाचा रे?"

"आपलाच की, दादा."

"आपला रडला नाही. भिंतीकडे तोंड करून पडायचा. मी अंगाला हात लावला की शिव्या घालायचा. आणि उशाशी मी होतो. तेवढी एक जागा माझी होती, तीही घेतलीस?"

"दादा, ते... निबंधात तिथे तसं लागतं."

"लागत असेल." दादाने कागदांची घडी घालून मशीनवर ठेवली आणि पायऱ्या उतरला.

मग शिंपी नव्याने भिंत, शिव्या आणि दादा लिहायला बसला. एकेक वाक्य त्या पुस्तकाच्याच चालीने येई. ते खोडावं, तर दुसरं सुचेना.

साप्ताहिकात निबंध छापून आला. माप द्यायला आलेलं एक गिऱ्हाईक गहिवरून म्हणालं, "बापाची सेवा करावी तर तुम्ही!" तेवढ्यात समोरून दादा गेला. अंगात बाजारातून आणलेला तयार सदरा होता, खांद्यावरून ओघळलेला. धाकट्याच्या हातचं सोडून दादाने आजवर दुसरं काही अंगाला लावलं नव्हतं. त्याने दुकानाकडे मान वळवली नाही.

"हात जरा वर करा," शिंपी गिऱ्हाइकाला म्हणाला.