ग्रीनहाऊस आणि मिरजेची बदली

माझ्या ग्रीनहाऊसबद्दल मी कुणालाही, कुठेही गाठून बोलतो. बँकेत पासबुक भरायला आलेल्या माणसालासुद्धा मी शेडनेट कुठली घ्यावी ते ऐकवलेलं आहे. लोक मला बघून रस्ता बदलतात — हसत हसत, पण बदलतात. तेव्हा हा माणूस घुमा आहे, मनातलं मनात ठेवणारा आहे, अशी तुमची समजूत नको. फक्त एक गोष्ट — एकच — माझ्या तोंडून आजवर बाहेर पडलेली नाही. बायकोजवळ नाही, मुलाजवळ नाही, देवाजवळही नाही. देवाला ठाऊक असेल, पण मी होऊन काही बोललेलो नाही. तुम्हाला सांगतो. तुम्हालाच का? कारण तुम्ही शैलाला ओळखत नाही. बाकी काही नाही.

शैला म्हणजे माझी बायको.

पण आधी ग्रीनहाऊसचं सांगू द्या. मला मुद्द्यावर यायला वेळ लागतो — आता का लागतो ते तुम्हाला कळेलच.

बँकेने मला कोलकात्याला पाठवलं तेव्हा आम्ही धरून चाललो होतो, तीन वर्षं काढायची आणि परत जायचं. खिदिरपूरला, गोदीपासून जवळच, क्वार्टर्समधला वरचा मजला मिळाला. वर मोकळी गच्ची. इथली आमची मराठी मंडळी म्हणजे कुणी बँकेत, कुणी रेल्वेत, कुणी बंदरात. आणि कुणा ना कुणाची बदली सदानकदा आलेलीच. आमच्यात एक पद्धत पडून गेली आहे. सामानाच्या ट्रकवाले कुंड्या घेत नाहीत, म्हणून जाणारे आपली झाडं मागे राहणाऱ्यांना देऊन जातात. आणि मागे राहणाऱ्या बायका जाणारीची ओटी भरतात. नारळ, तांदूळ, खण. त्या वेळी शैला ओटी भरायची आणि मी दारात कुंड्या ताब्यात घ्यायचो. गार्डन रीचच्या एका रेल्वेवाल्या कुटुंबाने जाताना तीन ऑर्किडं दिली. कोळसा नि नारळाच्या काथ्यात बसवलेली, नुसती पानं. म्हणाले, आमच्याकडे कधी फुलली नाहीत, तुमच्याकडे बघा.

मग मला झटका आला. मोबाइलवर थंड देशातल्या लोकांचे व्हिडिओ बघून मी गच्चीवर बांबूचा सांगाडा उभा केला आणि चारही बाजूंनी प्लास्टिकचा कागद लावून घट्ट बंद केला. कोलकात्यात! चारही बाजूंनी! दुपारी जाऊन पडदा उचलला तर अळूवड्यांच्या कुकरचं झाकण काढल्यासारखी वाफ तोंडावर आली. चष्म्यावर धुकं. चष्मा पुसून बघतो तर मिरचीची, टोमॅटोची सगळी रोपं मान टाकून पडलेली. ऑर्किडं वाचली ती केवळ अजून घरातल्या खिडकीत टांगलेली होती म्हणून. शैला पोट धरून हसली. "अहो, इथे माणसं शिजतात, झाडांचं काय घेऊन बसलात!"

चूक लक्षात आली. या शहरात ग्रीनहाऊस ऊब धरायला बांधायचंच नसतं. ते ऊन आणि पाऊस अडवायला. वर प्लास्टिक — पावसाच्या माऱ्याने मुळं कुजू नयेत म्हणून. त्याखाली हिरवी जाळी. बाजू उघड्या, फक्त गुंडाळून ठेवता येतील असे पडदे, वादळ आलं तर खाली सोडायला. सकाळी एकदा पाणी, तेही पानांच्या बेचक्यात साचू न देता. नवीन माणसाला मी एवढंच सांगतो. दुसऱ्यांदा असं बांधलं आणि झाडं तरारली.

आणि मीही तरारलो, हे कबूल करतो. जन्मभर दुसऱ्यांची कर्जं मंजूर केली. माझ्या हाताने काही उगवलं असं कधी झालंच नव्हतं. आता शेजारपाजारचे वर यायचे, "ऑर्किडवाले दादा" म्हणायचे, झाडांच्या नाही नाही त्या आजारांवर उपाय विचारायचे. मला बरं वाटायचं. यात पाप आहे का? नाही, यात नाही. पाप पुढे आहे.

शैलाची आई मिरजेला एकटी राहायची. शैला एकुलती एक. आई न्हाणीघरात घसरल्या आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, पण त्या नंतर धड उठल्याच नाहीत. दिवसरात्र एक बाई ठेवली. शैला जाऊन राहिली, महिनाभर राहिली आणि परत आली. कशासाठी? माझ्यासाठी. माझी शुगर, माझी इंजेक्शनं, माझं पथ्य. मुलगा बंगळूरला. "तुम्ही एकटे असलात की बिस्किटांवर जगता," ती म्हणायची. खरं होतं. पण मी एकदाही म्हणालो नाही की जा, मी करीन माझं. स्वयंपाकाला बाई मिळाली असती. इंजेक्शन मला स्वतःला घेता येत होतं. मी म्हणालो नाही, कारण मला ती इथे असणं सोयीचं होतं.

त्यातून एकच वाट होती — माझी बदली. मिरज, सांगली, कोल्हापूर, काहीही. अर्ज केला, हेड ऑफिसातल्या ओळखीच्या साहेबांच्या कानावर घातलं. शैला तेव्हापासून मनाने अर्धी मिरजेतच राहायला लागली. आमच्या कुकरची मूठ मोडली होती, फडक्याने धरून झाकण लावायला लागायचं. नवीन घेऊ म्हटलं की म्हणायची, "आता तिकडे जाऊनच घेऊ." चादरी विरल्या — तिकडे जाऊनच घेऊ. माळ्यावरचे खोके तिने उन्हात घालून ठेवले.

सासूबाई फोनवर माझ्याशी बोलल्याशिवाय फोन ठेवायच्या नाहीत. "अविनाशराव, बदलीचं काही कळलं का हो?" — "प्रयत्न चालू आहेत, आई." तेव्हा ते खरं होतं. तेव्हा मी खरं बोलत होतो, हे इथे लिहून ठेवावंसं वाटतं. किती क्षुल्लक आहे ते, पण वाटतं.

मग चैत्रात त्या तिघांतल्या एका ऑर्किडच्या बगलेतून कळ्यांची दांडी निघाली.

तुम्हाला हसू येईल. कुणाकडेच न फुललेलं झाड ते! मी सकाळ-संध्याकाळ तिच्यापुढे उभा. दांडी बोटभर झाली, वीतभर झाली, तिच्यावर कळ्यांचे टिपके धरले. अशा वेळी झाडाला जागचं हलवायचं नसतं. उजेडाची बाजू बदलली, हवा बदलली तरी कळ्या पिवळ्या पडून गळतात. हे मला पाठ होतं. आणि नेमका तेव्हाच — रविवारची सकाळ होती, हात ओले होते — साहेबांचा फोन आला.

"मिरजेला जागा होतेय. दहा दिवसांत हजर व्हावं लागेल. दुसरा एक जण तयार आहे, पण म्हटलं आधी तुला विचारावं. टाकू नाव?"

मी दांडीकडे बघितलं.

मी — मी म्हणालो, "सर, मिसेसची ट्रीटमेंट चालू आहे इथे. आत्ता हलता यायचं नाही."

झालं. हीच ती गोष्ट. शैला ठणठणीत होती. ट्रीटमेंट सोडाच, तिला साधी सर्दी नव्हती. तिच्याच आईकडे न्यायला आलेली बदली मी तिच्याच नावाने नाकारली. साहेब हळहळले, वहिनींची काळजी घे म्हणाले. मी थँक्यू म्हणालो. थँक्यूसुद्धा म्हणालो!

एवढ्यात ती चहा घेऊन वर आली. "कुणाचा फोन?" — "बँकेतला." — "रविवारीसुद्धा सोडत नाहीत मेले," म्हणाली, आणि दांडीजवळ वाकून कळ्या मोजायला लागली. तिलाही त्या दांडीचं कौतुक होतं हो.

मी असं का केलं? किती वेळा विचारलं स्वतःला. एका फुलासाठी? फुलासाठीच, दुसरं काय! पण नुसतं तेवढंही नाही. तिथे गेलो असतो तर मी पुन्हा कुणीच नसतो. मिरजेच्या त्या दोन खोल्यांत आजारी सासू, औषधांचा वास आणि मी, एक जावई. इथे मी ऑर्किडवाले दादा होतो. महिनाभराने दुसरी जागा निघेल, असंही मनात आलं. म्हणजे सोय करून घेतली मनाची. भित्रा माणूस नेहमी महिनाभर मागतो.

त्याच आठवड्यात कालबैशाखी आली, इथलं चैत्र-वैशाखातलं संध्याकाळचं वादळ. मी बँकेत अडकलेलो. घरी पोचलो तेव्हा जिन्यात काचा, पानं, पाणी. शैला स्वयंपाकघरात उभी, हाताला टॉवेल गुंडाळलेला. आभाळ काळं होताच ती वर पळाली होती, पडदे सोडले, एक बांबू उखडायला लागला तर त्याची दोरी हाताला गुंडाळून वारा पडेपर्यंत धरून राहिली. दोरीने तळवा सोलून निघाला होता. मला बघताच म्हणाली, "दांडी वाचली. आधी जाऊन बघून या."

आणि मी गेलो. आधी वर गेलो. तिचा हात नंतर बघितला.

फूल उमललं. सोन्याचं बिन्याचं काही नव्हतं, पांढरट जांभळी फुलं, सियालदहच्या बाजारात अशा दांड्या चिकार मिळतात. शैलाने पट्टी बांधलेल्या हाताने फोटो काढून आईला पाठवला. सासूबाईंनी फोन केला. "काय सुंदर हो! अविनाशराव, तुमच्या हाताला गुण आहे." आणि मग, "बदलीचं काही कळलं का?"

"प्रयत्न चालू आहेत, आई."

फुलं गळून पडल्यावर मी होऊन साहेबांना फोन केला. म्हटलं, सर, ट्रीटमेंट संपली. ते म्हणाले, वा, आनंद आहे, पण मिरजेची जागा भरली, आता पुढच्या वर्षी बघू. सासूबाईंकडे पुढचं वर्ष नव्हतं. श्रावणात सकाळी त्यांना सांभाळणाऱ्या बाईचा फोन आला, श्वास लागलाय, लवकर या. विमानाने पुणे, पुढे गाडीने मिरज. शैला पोचली तेव्हा आईला दारात आणून ठेवलं होतं. बाई तिला सांगत होती, शेवटपर्यंत विचारत होत्या, शैलाला यायला अजून किती वेळ आहे. मी शेजारी उभा होतो, सगळं ऐकत होतो. परतीच्या वाटेवर शैला माझ्या खांद्यावर डोकं ठेवून म्हणाली, "तुम्ही तरी किती प्रयत्न करणार होतात? नशिबातच नव्हतं." मी तिच्या पाठीवरून हात फिरवला. साहेबांचा फोन धरला होता, तोच हात.

तेव्हा बोलायचं होतं. बोललो नाही. साहेबांच्या मुलीच्या लग्नाचं आमंत्रण आलं, तेव्हा पाठदुखीचं सोंग आणून घरी बसलो. न जाणो त्यांनी शैलाला विचारलं असतं, वहिनी, आता तब्येत कशी? तुम्ही म्हणाल, तिला दुःख होईल म्हणून गप्प आहेस. नाही हो. तिने माझ्याकडे कसं बघितलं असतं, त्याची भीती वाटते म्हणून गप्प आहे.

कोलकात्याला परत आल्यावर शैला दिवसकार्याच्या गडबडीतून सावरली, आणि एक दिवस ती एकटीच बाजारात जाऊन नवीन कुकर घेऊन आली. जुना भंगारवाल्याला दिला. पुढच्या वर्षी साहेबांनी खरंच विचारलं, सांगलीला येतोस का? मी तिला सांगितलं — हे मात्र सांगितलं. ती म्हणाली, "आता तिकडे कोण आहे?"

तेव्हापासून इथेच आहोत. पुढल्या वर्षी रिटायर होईन, तरी इथेच. ग्रीनहाऊस आता शैलाच बघते. मी नुसता बोलतो, हात लावायला मन होत नाही; तिला गुडघे दुखतात असं सांगतो. ती म्हणते, आईच्या मागे या झाडांनी मला सावरलं, तुम्ही हा नाद लावलात म्हणून बरं. रोज पाणी घालते. तळव्यावर दोरीचा वळ अजून आहे, नळ सोडताना दिसतो.

परवा बंदरातल्या एका तरुण जोडप्याची बदली झाली, नाशिकला. शैलाने त्या मुलीची ओटी भरली. मुलगी वाकून नमस्कार करताना म्हणाली, "काकू, तुमची ओटी भरायची तेवढी राहिली आमची." शैला हसली. "आम्हाला कुठे जायचंय आता!"

ते गेल्यावर ती जिना चढून वर आली. हातात त्यांची कुंडी, ऑर्किडचीच, नुसती पानं.

"घ्या," म्हणाली, "आणखी एक आलं."

मी हात पुढे केले आणि कुंडी घेतली.