बापूने काढलेले हातमोजे

बापू गेल्याचं सांगायला दवाखान्याचा शिपाई शाळेत आला, तेव्हा मी त्याच्यावरच खेकसलो. तीन दिवसांपूर्वी बोट नाचवत "साधी पुळी आहे रे, मास्तर" म्हणून हसलेला माणूस जातो कसा? दीड महिना झाला, अजून माझं डोकं ते मानत नाही...

बापू जव्हार संस्थानच्या दवाखान्यात कंपाउंडर होता आणि नसत्या उठाठेवींची त्याला भारी हौस. मुंबईच्या प्रयोगशाळेतल्या एका ओळखीच्याकडून त्याने सीरमची कुपी मिळवली होती. मांस भिजवलेल्या पाण्यात ते घालायचं. मांस घोड्याचं असलं तर पाणी गढूळ होतं, बोकडाचं असलं तर नितळ राहतं. मी त्याला गारुडी म्हणून चिडवायचो.

मग खोडाळ्याच्या बाजारातलं सुकं मटण खाऊन पोशेऱ्यात दोघं दगावली, आणि गावाने सोमी नावाच्या विधवेला भुताळी, म्हणजे माणसं खाणारी चेटकीण, ठरवलं. तिला हाकलायचं की मारायचं, एवढंच ठरायचं राहिलं होतं. बापूला वेगळाच संशय होता, की कुणीतरी रोगाने मेलेलं तट्टू बोकड म्हणून खपवलंय. नळ्या घेऊन तो निघाला, मलाही ओढलं. भर दुपारी गावासमोर त्याने रबरी हातमोजे चढवले, तसा म्हातारा कारभारी उठला.

"आमी खाल्लं त्याला तुजा हात लागाया नको? भरवसा हाय तं उघड्या हातानं काप."

बापूने माझ्याकडे पाहिलं. मला परतायची घाई होती. "काढ ना," मी म्हणालो... हो, मीच म्हणालो.

बाजारचं मटण कापताना हाडाचं कुसळ बोटात गेलं. त्याने बोट धोतराला पुसलं. गावच्या बोकडाचं पाणी नितळ राहिलं, बाजारच्या मटणाचं दुधाळ झालं. कारभाऱ्याने नळी बराच वेळ उन्हात धरली आणि म्हणाला, "बाईला सोडा." सोमी मटकन खाली बसली. परतीच्या वाटेवर बापू लहान पोरासारखा बडबडत होता.

ती पुळी काळपुळी निघाली. त्या मेलेल्या तट्टाचाच रोग.

काल कारभारी माझ्या दारात आला. "मास्तर, गाव बोलतंय, बापू दागदरालाबी त्या सोमीनंच खाल्लं."

त्याला घेऊन मी दवाखान्यात गेलो, बापूच्या टेबलाचा खण उघडला. मोजे होते, त्याच्या सवयीप्रमाणे नीट घडी घातलेले, एकही डाग नसलेले.

"हे कुणाच्या सांगण्यावरून निघाले, ते गावाला सांगू या," मी म्हणालो. "आधी माझं नाव, मग तुमचं."

म्हाताऱ्याने मोजे स्वतःच्या फडक्यात बांधले. उद्या पहाटे आम्ही दोघं पोशेऱ्याला निघतोय. सोमी अजून जिवंत आहे.