नातीच्या फॉर्मवरची माझी खूण

गेली चार वर्षं आमच्या घरात ज्या गुन्ह्यासाठी माझी नात ईशा ओळखली जाते, तो गुन्हा मी केला आहे. पूर्ण शुद्धीत, चष्मा लावून, काळ्या शाईने.

२००४ सालची गोष्ट. नागपूरला जिल्हा परिषदेच्या लेखा विभागातून निवृत्त होऊन मी न्यू जर्सीत आयसेलिनला, मुलाकडे कायमचा राहायला आलो होतो. घरात मुलगा समीर, सून मानसी आणि मी. ईशा तिकडे मिशिगनमध्ये, ॲन आर्बरला कॉलेजच्या पहिल्या वर्षाला. शिकता शिकता ती तिथल्या लायब्ररीत पुस्तकं लावायचं काम करत असे. जानेवारी संपता संपता तिच्या पगाराचा कागद आमच्या पत्त्यावर आला आणि पाठोपाठ तिचा फोन.

"आजोबा, डॅड इज सो बिझी. माझा टॅक्स फॉर्म तुम्ही भराल? इट्स जस्ट वन पेज."

एक पान! तेहतीस वर्षं ज्याने अख्ख्या जिल्ह्याचे हिशेब तपासले, त्याला एक पान! (मी त्या वेळी 'बघतो, वेळ मिळाला तर' असं म्हणालो. वेळाखेरीज माझ्याकडे दुसरं काहीच नव्हतं.) चालत जाऊन मी पब्लिक लायब्ररीतून कोरे फॉर्म आणले. एक भरायला आणि चार बिघडवायला.

पहिल्या चार ओळी झरझर झाल्या. पाचव्या ओळीत प्रश्न होता: तुमचे आईवडील किंवा आणखी कोणी तुम्हाला आपल्या रिटर्नमध्ये दाखवू शकतात का? होय की नाही?

प्रश्न मला व्यवस्थित कळला होता. हे मुद्दाम सांगतो, कारण 'इंग्रजी समजलं नाही' ही सवलत मला नको. म्हणजे ईशा कुणावर अवलंबून आहे का, ते त्यांना हवं होतं. ईशाची फी समीर भरत होता, जेवणखाण समीरचं, थंडीचे बूटही समीरचे. उत्तर सरळ 'होय' होतं. पण मुलीची पहिली कमाई, सरकारदरबारी जाणारा पहिला कागद, आणि त्यावर आजोबाने लिहून द्यायचं की ही बापाच्या जिवावर जगते? बर्फात उभं राहून बस पकडते पोर! आमच्या घरातली पहिली मुलगी जी अठराव्या वर्षी स्वतःचा पगार घेते! मी 'नाही'वर खूण केली. ऊर भरून आला. त्या भरात कागदावर डाग पडला, म्हणून दुसऱ्या फॉर्मवर पुन्हा तीच खूण केली.

ईशाने न वाचता सही करून तो पाठवून दिला. आजोबांनी भरलाय म्हटल्यावर वाचायचं कशाला?

मार्चमध्ये समीर आपलं रिटर्न भरायला कॉम्प्युटरपुढे बसला. भलताच खुशीत होता.

"बाबा, कॉलेजकडून फीचा फॉर्म आलाय, टेन-नाइंटी-एट-टी. मुलगी आपल्यावर डिपेंडंट असली ना, की त्या फीबद्दल दीड हजार डॉलरपर्यंत टॅक्स माफ! होप क्रेडिट म्हणतात."

"मग माझं नागपूरचं तिकीट नक्की!" मानसी स्वयंपाकघरातून ओरडली. तिच्या धाकट्या बहिणीचं मे महिन्यात लग्न होतं.

समीरने रिटर्न पाठवलं. दुसऱ्या दिवशी ते परत आलं. 'ईशाचा सोशल सिक्युरिटी नंबर दाखवून दुसऱ्या एका रिटर्नवर तिची सूट आधीच घेतली गेली आहे.'

माझ्या घशात पोह्यांचा घास अडकला. दुसरं रिटर्न कोणतं, हे त्या खोलीत एकाच माणसाला माहीत होतं आणि तो माणूस पाणी पीत होता.

"आकडा चुकला असेल," मी म्हणालो. समीरने आकडा तपासून पुन्हा पाठवलं. पुन्हा परत!

"अरे, कुणीतरी ईशाचा नंबर चोरलाय!" मानसी किंचाळली.

आता बघा, खरं बोलायची हीच वेळ होती. पण घरात चोर आयताच तयार झालेला पाहून मला इतकं हायसं वाटलं की मीही त्याला दोन शिव्या घातल्या. "हरामखोर! लेकराबाळांचे नंबर चोरतात!"

समीरने शेजारच्या देशमुखांना फोन लावला. ते दहा मिनिटांत हजर. "यार समीर, हे लोक त्या नंबरवर घरंसुद्धा घेतात! तुझ्या पोरीच्या नावाने एव्हाना फ्लोरिडात बंगला झाला असेल." हे ऐकून मानसीने घरातली झाडून सगळी कार्डं बंद करून टाकली. संध्याकाळी ओक ट्री रोडच्या दुकानात वीस पौंड तांदूळ, कोथिंबिरीच्या सहा जुड्या आणि मी, असे काउंटरवर अडकून पडलो. कार्ड चालेना, मानसीकडेही रोख नाही. मागे रांग. शेवटी माझ्या बंडीतल्या खिशातून ठेवणीतले पाच डॉलर निघाले, त्यात कोथिंबीर सुटली.

घरी येतो तो फोन वाजत होता. मी झडप घालून उचलला.

"आजोबा, मॉमने अकरा मेसेज ठेवलेत. हू स्टोल माय नंबर?"

"मी," मी कुजबुजलो आणि सगळं सांगितलं.

पलीकडे हसू दाबल्याचा आवाज. "आजोबा! एका चेकमार्कने?"

"हळू बोल! मी सांगतो आता समीरला."

"नको. तुम्हाला तो आयुष्यभर चिडवेल. डॅडला फोन द्या."

मी द्यायला नको होता. दिला.

"डॅड, इट वॉज मी. फॉर्म मीच भरला, चुकीचा बॉक्स चेक केला. सॉरी." शेजारी उभं राहून मी हे ऐकलं आणि मोठ्या मनाने म्हणालो, "जाऊ दे रे समीर, पोर आहे." हे वाक्य मला आजही टोचतं.

ईशाने दुरुस्तीचा फॉर्म भरला. (माझ्या त्या खुणेने तिला एक सेंटही जास्त मिळाला नव्हता, हेही तेव्हाच कळलं.) समीरने रिटर्न पोस्टाने पाठवलं. पैसे आले, पण लग्न होऊन गेल्यावर. मानसीने बहिणीचं लग्न फोटोंत पाहिलं, आणि तेव्हापासून ईशाने घरी साधा पिझ्झा जरी मागवला तरी देशमुख विचारतात, "बॉक्स बरोबर चेक केलास ना ग?"

आता ईशा तिकडे सिएटलजवळ, बॉथेलला नोकरी करते. परवा रविवारी फोनच्या स्पीकरवर समीर तिला म्हणाला, "रिटर्न पाठवायच्या आधी मला दाखव. तुझा रेकॉर्ड माहीत आहे ना?" मला राहवलं नाही. मी भडाभडा सगळं ओकून टाकलं.

"बाबा, नातीला किती पाठीशी घालाल!" मानसीचे डोळे पाणावले. "केवढं मन तुमचं!"

"आजोबा, लेट इट गो," फोनमधून ईशा.

"अरे, माझ्यावर विश्वास ठेवा! त्या वर्षीची टॅक्सची फाइल काढ समीर, माझं अक्षर दाखवतो!"

समीरने फाइल आणली. त्यात ईशाचा फॉर्म नव्हता, समीरचंच रिटर्न होतं. पहिल्याच पानावर त्याच्यावर अवलंबून असणाऱ्यांची यादी. पहिलं नाव ईशाचं. त्याखाली माझं! नाव, आडनाव, नातं: वडील.

"हे काय रे?"

"तुम्ही आलात तेव्हापासून दरवर्षी दाखवतो, बाबा. तुमच्यामुळेही टॅक्स वाचतो."

"मग मला एका शब्दाने विचारलं का नाहीस?"

समीर फाइल मिटून म्हणाला, "तुम्ही 'नाही'वर खूण केली असतीत."

केली असती. आणि माझ्या स्वतःच्या नावापुढची ती खूण नातीलाही आपल्या अंगावर घेता आली नसती.