दाराबाहेरचं स्टूल

आमच्या लातूरच्या घराला आतली खोली एकच. त्या खोलीला दार आहे आणि दाराबाहेर एक लाकडी स्टूल. लोकांच्या दाराबाहेर चपला असतात, आमच्या दाराबाहेर बाबा बसायचे. अजूनही बसतात. मला त्याबद्दलच लिहायचं आहे, पण त्यासाठी आक्कापासून, माझ्या मोठ्या बहिणीपासून, सुरुवात करावी लागेल.

बाबा एका सरकारी कचेरीत शिपाई होते. मोठ्या साहेबांच्या दालनाबाहेर स्टुलावर बसायचं आणि घंटी वाजली की आत जायचं, यातच त्यांची सगळी नोकरी गेली. त्या दालनात मुलाखती व्हायच्या. उमेदवाराचं नाव पुकारायचं, तो आत गेला की दार ओढून घ्यायचं, हे काम बाबांचं. आत काय चालतं ते त्यांना कधी दिसलं नाही. ऐकू मात्र यायचं, तेही तुटक तुटक. तेवढ्यावरून त्यांनी एक शास्त्र बनवलं होतं. ज्याचा आवाज दाराबाहेर येतो त्याचं काम होत नाही.

"आत वरडून बोलणारे समदे घरी गेले," ते सांगायचे. "ज्याचं मला कायबी ऐकू आलं न्हाई, त्याचीच ऑर्डर निघाली. साहेबाला हळू बोलणारं माणूस लागतंय."

ज्यांचं आधीच ठरलेलं असेल त्यांना आत कुणी काही विचारतच नसेल, मग आवाज बाहेर येईल कुठून, हे मला फार उशिरा सुचलं. लहानपणी बापाचं शास्त्र म्हणजे शास्त्र. शिवाय त्या कचेरीत बाबांना सगळे अरे-तुरे करायचे. साहेब कसे असतात हे आमच्या गल्लीत फक्त आपल्याला ठाऊक आहे, एवढा एकच मान त्यांच्या पदरात होता. तो आम्ही कसा काढून घेणार?

आक्का बी.एड. झाली आणि खाजगी शाळांमध्ये अर्ज करायला लागली, तेव्हा घरात तयारी सुरू झाली. संध्याकाळी आतली खोली रिकामी व्हायची. मी खुर्चीवर पाय दुमडून बसायचे, कारण पॅनल मी. मोबाइलवर शोधून काढलेले प्रश्न मी विचारायचे आणि आक्का उत्तरं द्यायची. बाबा दार ओढून घेऊन बाहेर स्टुलावर बसायचे आणि कान लावायचे. त्यांना एक शब्द जरी ऐकू आला तरी दारावर टकटक व्हायची. "आलं ऐकू. पुन्हा पहिल्यापासून."

शेजारी शिलाईमशीनवाले चाचा राहतात. मशीनच्या खडखडाटात परीक्षा खरी होत नाही म्हणून बाबा त्यांना जाऊन सांगायचे, "जरा दम खावा चाचा, पोरगी इंटरव्ह्यूची तयारी करायलीय." चाचा बिचारे हातातलं काम टाकून विडी ओढत बसायचे. गल्ली शांत व्हायची, आई कुकरखालचा गॅस बारीक करायची, आणि आत आक्का माझ्यासमोर उभी राहून कुजबुजायची.

तिची उत्तरं मला पाठ होती. स्वतःबद्दल सांगा म्हटलं की ती म्हणायची, "मी घरातली मोठी. माझे वडील कचेरीत दार उघडायचं काम करतात. लोक त्याला हलकं काम समजतात, पण मी शिक्षिका होतेय ते त्यांच्याकडे बघूनच." मी तिला चिडवायचे, की साखर जरा कमी घाल, पॅनलला शुगर व्हायची. तिची कमजोरी विचारली की ती सांगायची, "समोरचा चुकतोय हे कळत असलं तरी मला त्याला तोडता येत नाही." आणि पाच वर्षांनी स्वतःला कुठे बघता, या प्रश्नाला तिचं उत्तर दर खेपेला बदलायचं. एकदा ती अहमदपूरच्या शाळेत कायम झालेली असायची, एकदा मुख्याध्यापिका, आणि एकदा तर तिनं स्वतःचं घर बांधून त्याच्या सगळ्या खोल्या बिनदाराच्या ठेवल्या होत्या. तेव्हा मी मोठ्यानं हसले आणि टकटक झाली.

वर्ष गेलं तसा तिचा आवाज खरोखरच खाली गेला. आधी ती फक्त त्या खोलीत हळू बोलायची, मग घरभर, मग बाजारातही. भाजीवाली दोनदा विचारायची तेव्हा तिला कळायचं की मेथी मागतायत. फोनवर लोक 'हॅलो, हॅलो' करून ठेवून द्यायचे. बाबा खूश होते. पोरगी तयार झाली म्हणायचे.

अहमदपूरच्या एका शाळेतल्या मुलाखतीला मी तिच्याबरोबर गेले होते. परत येताना आम्ही बसस्टँडवर लातूरच्या गाडीची वाट बघत बसलो होतो. तिनं हातरुमालाची घडी घातली, मोडली, पुन्हा घातली. मग सांगितलं. आजही तेच झालं होतं. उदगीरला, निलंग्याला, प्रत्येक ठिकाणी तेच झालं होतं. जरा मोठ्यानं बोला, म्हणाले. मागच्या बाकावर आवाज कसा जाणार, म्हणाले. वर्ग कसा सांभाळणार, म्हणाले.

"मग बोलायचंस की मोठ्यानं," मी म्हणाले.

"बोलायला जाते गं. पण बाबा दाराबाहेर बसलेत असंच वाटतं."

मी घरी गेल्या गेल्या बाबांना सांगणार होते. तिनं माझा हात धरला. "त्यांना सांगायचं न्हाई. साहेब लोकांबद्दल त्यांना एकच गोष्ट माहिती हाय. ती बी खोटी निघाली तर त्यांच्याजवळ काय ऱ्हाईल?"

मी शब्द दिला. तेवढ्यात गाडी लागली आणि आम्ही जागा पकडायला पळालो.

त्याच पावसाळ्याच्या शेवटी तिला ताप आला. अंगावर काढला, मग दवाखाना, मग मोठा दवाखाना. आठवड्याभरात होत्याचं नव्हतं झालं. शेवटच्या दिवशी ती माझ्याकडे बघून काहीतरी बोलली. ओठ हलले, मी कान तिच्या तोंडाजवळ नेला, तरी मला ऐकू आलं नाही. ती काय म्हणाली असेल हे मी अजून शोधते आहे. भांडी घासताना शोधते, गाडीत शोधते, झोपेतही शोधते.

विहारात तिचं पुण्यानुमोदन झालं, पाहुणे गेले, आणि काही दिवसांनी मी कॉलेजमधून घरी आले तर आतल्या खोलीचं दार ओढलेलं आणि बाबा स्टुलावर. आई घरात नव्हती. खोलीत कुणीच नव्हतं. मी विचारलं, काय करताय? म्हणाले, काय न्हाई, बसलोय. मी स्वयंपाकघराकडे वळले तेव्हा मागून त्यांचा आवाज आला, अगदी पूर्वीसारखा, समाधानी. "कायबी ऐकू येईना," ते म्हणाले.  मला त्या दारापुढून जाववेना, म्हणून मी बाहेर ओट्यावर जाऊन बसले.

पुढं हे रोजचंच झालं. आईनं त्यांना टोकायचं सोडून दिलं. चाचा मात्र बाबा स्टुलावर बसले की न सांगता मशीन थांबवायचे. ती शांतता मला खायला उठायची. मी अभ्यासाच्या नावाखाली बाहेरच्या खोलीत झोपायला लागले. आत कुणीतरी फार हळू, दाराबाहेर जाणार नाही इतकं हळू बोलतंय, असं मला वाटत राहायचं, आणि ते खरं की खोटं हे दार उघडून बघायची माझी हिंमत नव्हती.

मी लॅब टेक्निशियनचा कोर्स केला. मागच्या वर्षी नांदेडच्या एका खाजगी दवाखान्याच्या लॅबमधून मुलाखतीचं बोलावणं आलं. बाबांनी ते दोनदा वाचून घेतलं, उठले, स्टूल फडक्यानं पुसलं आणि मला आत जायची खूण केली. नाही म्हणायचं माझ्या तोंडाशी आलं होतं, पण बऱ्याच दिवसांनी त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी काम असल्यासारखं दिसत होतं. मी आत गेले. दार ओढलं गेलं.

खुर्ची रिकामी होती. पूर्वी तिच्यात मी बसायचे. आता विचारणार कोण? मीच मनात प्रश्न विचारला, स्वतःबद्दल सांगा, आणि तोंड उघडलं तर बाहेर आलं ते आक्काचं उत्तर. तिच्याच आवाजात, तितकंच हळू. मी घरातली मोठी. मी थांबले, पुन्हा सुरुवात केली, पुन्हा तेच. कमजोरी विचारली तरी तिचीच. माझं म्हणून एकही उत्तर माझ्याजवळ नव्हतं. मी खोटं नाही सांगत, त्या खोलीत मी एकटी नव्हते. दार उघडलं तेव्हा मी घामानं भिजले होते आणि बाबा हसत होते. "कायबी ऐकू आलं न्हाई," ते म्हणाले. "झकास."

नांदेडला ते बरोबर आले. नको म्हटलं तरी आले, धुवट पांढरा शर्ट घालून. मुलाखतीच्या केबिनला काचेचं दार होतं, पलीकडचं नुसतं पुसट दिसणाऱ्या काचेचं. बाहेर खुर्च्यांची रांग होती. बाबांनी त्या खुर्च्या सोडल्या, वॉचमनचं रिकामं स्टूल ओढलं आणि दाराला लागून बसले. माझं नाव पुकारलं तेव्हा दारही त्यांनीच उघडलं. इतकी वर्षं ते काम त्यांनी दुसऱ्यांच्या मुलांसाठी केलं होतं.

आत एक डॉक्टरबाई आणि एक वयस्कर गृहस्थ होते. बाईंनी पहिला प्रश्न तोच विचारला.

"मी घरातली मोठी," माझ्या तोंडून निघालं.

"काय? जरा मोठ्यानं बोला," बाई म्हणाल्या. "ऐकू येत नाही."

मी दाराकडे बघितलं. काचेवर पांढऱ्या शर्टाचा डाग होता, हलत नव्हता. मला सगळं एकदम समोर दिसलं. हळू बोलले तर ही नोकरी गेली. मोठ्यानं बोलले तर बाबा ऐकणार, आणि मग नोकरी मिळाली तर त्यांना कळणार. हळू बोलायला शिकवून आपण आक्काचं काय केलं ते कळणार. मी तिला शब्द दिला होता. पण ती ज्या दाराआड राहिली त्याच दाराआड मलाही राहायचं नव्हतं. मला तिचा राग आला, बाबांचा आला, आणि त्या रागात माझा आवाज सापडला.

"मी धाकटी आहे," मी म्हणाले. तो आवाज केबिनभर झाला. "मोठी बहीण होती. ती वारली. आम्ही रेणापूरकडचे, राहायला लातूरला. माझे वडील शिपाई होते." कमजोरी विचारली तेव्हा मी सांगितलं की घाबरले की माझा आवाज जातो, पण सुई टोचताना हात कापत नाही. गृहस्थ हसले. काचेवरचा डाग अजून तसाच होता.

आम्ही परतीच्या गाडीत बसलो. अहमदपूरला गाडी थांबली तेव्हा त्यांनी माझ्यासाठी चहा आणला, खिडकीतून दिला आणि म्हणाले, "समदं ऐकू आलं गं. जाऊ दे. दुसरी निघंल." त्यांनी खिडकीतून माझ्या डोक्यावर हात ठेवला. ती नोकरी मला मिळावी असं वाटत होतं आणि मिळू नये असंही वाटत होतं. 

चार-आठ दिवसांनी फोन आला. एक तारखेपासून या, म्हणाले. आईनं माझ्या तोंडात साखर घातली आणि पदर डोळ्याला लावला.  बाबांनी एकदा माझ्याकडे बघितलं, मग आतल्या खोलीच्या दाराकडे बघितलं आणि स्टुलावर जाऊन बसले. अंधार पडेपर्यंत बसले. मी दिवा लावायला गेले तेव्हा त्यांनी विचारलं.

"तिला बी म्हणले असतील का गं? मोठ्यानं बोल म्हणून?"

"मला माहीत न्हाई, बाबा," मी म्हणाले. आक्काचा शब्द मी पाळला. त्यांना ते खरं वाटलं का, मला सांगता येणार नाही.

 शेजारचं मशीन मघाशीच थांबलं होतं.

"एवढी वरसं मी हितं बसलो," ते म्हणाले. "ती आत काय सांगायची, मला एक शब्द म्हाईत न्हाई. तुला म्हाईत आसंल. तू आत असायचीस."

मला माहीत होतं. मला दुसरं काहीच माहीत नव्हतं. मी दार उघडून आत गेले, ते मागे ओढून घेतलं, रिकाम्या खुर्चीसमोर ती उभी राहायची तिथं उभी राहिले आणि तिचं पहिलं उत्तर सुरू केलं. मी घरातली मोठी. माझे वडील कचेरीत दार उघडायचं काम करतात. दारावर टकटक झाली. सवयीनं मी थांबले, आवाज खाली आणला आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.

पुन्हा टकटक झाली.

"ऐकू येईना गं," बाबा दाराबाहेरून म्हणाले. "जरा मोठ्यानं."